दार ओतणारे मिस्त्री

धाकट्याची दाढी मिस्त्रीच करत. तीस वर्षं झाली, एक सकाळ चुकली नव्हती. ताप असो, पाहुणे असोत, नळाला पाणी असो वा नसो, सात वाजले की स्वयंपाकघराच्या खिडकीशी स्टूल यायचं, वाडग्यात कोमट पाणी यायचं, आणि धाकटा गळ्याला टॉवेल गुंडाळून, मान वर करून बसायचा. तो आता एकोणसाठ वर्षांचा होता आणि मिस्त्री एकाहत्तर वर्षांचे, तरी घरात त्याचं नाव धाकटाच राहिलं होतं.

सुरुवातीला एकदा त्याला न्हाव्याकडे नेलं होतं. कपाळापासून डाव्या गालापर्यंत कातडी अशी काही आवळून आली होती, की वस्तरा कुठून न्यावा आणि कुठे थांबवावा हे न्हाव्याला उमगेना. शेवटी तो बिचारा म्हणाला, "राहू द्या हो, माझा हात कापतो." धाकटा आरशाकडे तोंड करून बसलेला. "तुझा हात कापतो ते ठीक आहे, माझा गाल कापला नाही म्हणजे झालं," असं म्हणून तो उठला. डोळे गेले होते, जीभ शाबूत होती. त्या दिवसापासून हे काम मिस्त्रींनी अंगावर घेतलं.

त्या सकाळीही तसंच चाललं होतं. मिस्त्रींची बायको, जिला धाकट्यामुळे जिन्यातले सगळे शेजारी वहिनीच म्हणायचे, ओट्यापाशी उभी राहून ब्रेडच्या कडा कापत होती. तिचा गुडघा दुखत होता, म्हणून एक पाय तिने खालच्या पाटावर ठेवला होता. बाहेरच्या खोलीत धाकट्याने विणायला घेतलेल्या वेताच्या खुर्च्या पाय वर करून पडल्या होत्या. तो बसकण विणायचा, आणि फार चांगली विणायचा. फक्त प्रत्येक गाठ तो तीन तीनदा चाचपून बघायचा. दुकानदार म्हणायचा, एवढी तपासणी केली नाहीत तर दुप्पट खुर्च्या होतील. धाकटा ऐकून घ्यायचा आणि पुन्हा तीनदा चाचपायचा.

"दादा, पाणी थंड आहे."

"कोमट आहे."

"तुझ्या हाताला कोमट. तुझी कातडी भट्टीवर शेकलेली. माझ्या गालाला विचार."

"तुझ्या गालाला विचारलं तर तो दिवसभर बोलत बसेल," वहिनी म्हणाल्या. "हलू नको. मागच्या आठवड्यात हनुवटी कापून घेतलीस ती बोलण्याच्या नादात."

मिस्त्री सकाळी फारसे बोलत नसत. रात्रभर झोपूनही माणूस दमलेला उठतो म्हणजे काय, ते त्यांच्याकडे बघून कळावं. सांधे धरले होते ते वेगळं. हा थकवा हाडांचा नव्हता. कुणीतरी हातात काही धरायला दिलं आणि परत घ्यायला आलंच नाही, असं त्यांच्या खांद्यांकडे पाहून वाटायचं.

उजवा गाल झाला. डाव्या गालाला त्यांनी नव्याने फेस लावला, बोटाने आवळलेली कातडी ताणली, आणि तेवढ्यात दारावर थाप पडली.

या घरात सकाळी सातला थाप पडत नसे. दूधवाला पिशवी कडीला अडकवून जायचा, शेजारीण सरळ हाक मारत आत यायची. वहिनींनी सुरी ठेवली, लंगडत गेल्या आणि दार उघडलं. बाहेर सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची एक मुलगी उभी होती. खांद्याला जड पिशवी, छातीशी धरलेली फाइल, जिने चढून लागलेला दम.

"दार ओतणारे मिस्त्री इथेच राहतात ना? मी नगरपालिकेतून आले. कलाविभाग. ऑफिसच्या आधी गाठलं तर भेटाल म्हणून लवकर आले, माफ करा हं."

"भेटायला काय, ते कुठे जातात," वहिनी म्हणाल्या. "ये आत. चप्पल राहू दे पायात, फरशी गार आहे."

दार म्हणजे चौकातलं दार. त्या गावात दार म्हटलं की दुसरं कुठलं दार कुणाच्या मनात यायचं नाही. लढाई संपल्यावर चार वर्षांनी ते उभं राहिलं. दीड पुरुष उंचीची पितळी चौकट, अर्धवट उघडलेलं दार, आणि उंबऱ्यावर शिपायाच्या बुटांचा जोड, नाड्या सोडलेला. कुणीतरी घरी आला आहे आणि आता पुन्हा जाणार नाही, एवढंच त्यातून म्हणायचं होतं. शिल्पकाराने खाली शांतीबिंती काही लिहू दिलं नाही. मुलं त्या दारातून शिवाशिवी खेळायची, नव्या जोडप्यांचे फोटो तिथे निघायचे, म्हातारे उंबऱ्यावर बसून बुटांवर हात टेकायचे. वरची चौकट काळसर हिरवी पडली होती, पण बुटांची टोकं हात लागून लागून सोन्यासारखी चमकत होती.

ते सगळं पितळ लढाईतलं होतं. तोफेच्या गोळ्याच्या रिकाम्या पुंगळ्या तेव्हा घराघरांत होत्या. कुणी त्यांत फुलं ठेवायचं, कुणी छत्र्या, कुणी तोंड ठोकून मिटवायचं आणि दाराला अडसर म्हणून लावायचं. नगरपालिकेने आवाहन केलं आणि लोकांनी पोत्यांनी पुंगळ्या आणून दिल्या. गावाबाहेरच्या फाउंड्रीत त्या वितळवल्या. भट्टीवर होते मिस्त्री, आणि त्यांच्या हाताखाली धाकटा. उंबऱ्यावरच्या बुटांचा साचा धाकट्याच्याच बुटांवरून घेतला होता, कारण तो लढाईवर जाऊन आला होता. तीन वर्षं गोळ्यांत राहून अंगावर ओरखडाही न घेता आला होता. डोळे गेले ते नंतर, याच दाराच्या शेवटच्या ओतकामात.

"मी लढाईतून आलो धडधाकट," धाकटा नवीन माणसाला हमखास सांगायचा, "आणि शांततेने मारला डोळा. तोही एक नाही, दोन्ही."

त्या मुलीलाही त्याने हेच ऐकवलं. ती हसावं की नाही अशा पेचात पडली. अर्धा चेहरा गुळगुळीत आणि अर्ध्यावर पांढरा फेस, अशा माणसाने हसवलं तर कुठे बघावं हेही तिला समजेना. वहिनींनी तिच्या हातात चहा दिला, त्यामुळे सुटका झाली.

"काका," ती मिस्त्रींना म्हणाली, "दाराला यंदा तीस वर्षं होतायत. आम्ही दारासमोर एक टेबल करतोय. पितळेचं, लांबच लांब, सोळा जण बसतील असं. दारातून आलेल्या माणसाने बसायचं कुठे, ही कल्पना. पुन्हा तसंच, लोकांनी दिलेल्या पुंगळ्यांमधून. अजून केवढ्या निघाल्या माहितीय? अकरा पिंपं भरली."

"अजून अकरा पिंपं," मिस्त्री म्हणाले. एवढं वाक्य उच्चारायलाही त्यांना श्रम पडल्यासारखं वाटलं.

"आणि ओतकाम चौकातच करायचं, सगळ्यांसमोर. एक कंपनी गाडीवरची भट्टी आणतेय. शाळेतली मुलं एकेक करून येतील आणि आपल्या हाताने एकेक पुंगळी भट्टीत टाकतील. विचार करा ना काका, लढाई ज्यांनी पाहिली नाही ती मुलं! मोठ्यांची भाषणं वगैरे कमी ठेवलीत. फक्त तुम्ही स्टेजवर हवेत. दार ओतणारे मिस्त्री. भट्टी तुमच्या हातून पेटवायची." तिने फाइलमधून एक छापील पत्रिका काढून टेबलावर ठेवली. "तारीखही ठरली. बरोबर तीन आठवडे."

मिस्त्रींनी पत्रिका उचलली नाही. हातातला रेझर त्यांनी वाडग्यात बुडवला, झटकला, परत बुडवला.

"मला नाही जमायचं, ताई."

"का हो काका?"

"वय झालं."

"अहो, फक्त उभं राहायचं आहे!"

"उभं राहायचंच वय गेलं."

धाकट्याला हे पटलं नाही. तो स्टुलावरच वळला, तसा फेसाचा एक गोळा टॉवेलवर पडला. "हा असाच आहे, ताई. दर वर्षी दाराचा कार्यक्रम असतो, हा एकदाही आला नाही. मी जातो वहिनीचा हात धरून. पोरं विचारतात, काका हे बूट खरंच तुमचे का. मी म्हणतो, बघा घालून, आता मला होत नाहीत, फार जड झालेत. आणि याने एवढं मोठं काम केलं, तर हा घरी बसून कपाटं लावतो." तो भावाच्या दिशेने वळला. "दादा, जा ना रे. बरं, एकटा नको जाऊ. मी येतो. ताई, पहिली पुंगळी मी टाकली तर चालेल का?"

मुलीचा चेहरा खुलला. "चालेल काय! तुम्ही लढाईवर होतात, तुम्हीच दार ओतलंत..."

"आणि मीच वाट लावली," धाकटा म्हणाला. "ते पण सांगा लोकांना. ओली पुंगळी टाकणारा तो हा, म्हणावं. आता नीट टाकेन."

वहिनींनी ओट्यावरचं फडकं उचललं आणि न पुसताच खाली ठेवलं.

ही ओली पुंगळी म्हणजे काय, ते त्या मुलीला माहीत नव्हतं. फाइलमध्ये दाराचा सगळा कागदपत्री इतिहास होता, त्यात एवढंच लिहिलं होतं की शेवटच्या ओतकामात तांत्रिक अडचण आल्याने बूट सोळा दिवस उशिरा बसवण्यात आले. शांततेच्या दारावर माणूस भाजला हे तेव्हा कुणालाच कागदावर आलेलं नको होतं. नगरपालिकेला नको होतं, फाउंड्रीच्या मालकाला नको होतं. आणि मिस्त्रींना तर त्याहून नको होतं.

"कसली अडचण आली होती?" तिने विचारलं.

धाकट्याने समजावून सांगितलं, हौसेने. वितळलेल्या पितळेला रस म्हणतात. रसाला पाणी चालत नाही. दोन थेंब पाणी बंद जागेत अडकून रसात गेलं की त्याची क्षणात वाफ होते, वाफेला जागा मिळत नाही, मग ती सगळा रस उधळून बाहेर येते. म्हणून भट्टीत जाणारा प्रत्येक तुकडा आधी तासभर भट्टीच्या काठावर तापवायचा. पुंगळीचं तोंड ठोकून मिटवलेलं असेल, नाहीतर ती कुठे चेपून बंद झाली असेल, तर ती आधी करवतीने कापून उघडायची. हा दादाचा नियम. फाउंड्रीत सगळे दादाला हसायचे, नवरीसारखं पितळेचं तोंड उघडून बघतोय म्हणून. पण नियम म्हणजे नियम.

"आणि एवढं सगळं शिकवलेला मी," धाकटा म्हणाला, "शेवटच्या दिवशी चेपलेली पुंगळी तशीच टाकली. का टाकली ते मला अजून आठवत नाही. त्याच्या आधीचा अर्धा तास डोक्यातून पुसून गेलाय. पण टाकली मीच, माझ्याच हातातून गेली. माझे डोळे गेले ते गेले, पण त्यानंतर दादा भट्टीपुढे उभा राहिला नाही. बुटांची ती जोडी पुन्हा ओतली, आणि सोडलं काम. गावातला एक नंबरचा मिस्त्री होता हो हा. पुढे बावीस वर्षं गोदामात किल्ल्या सांभाळल्या. ते माझ्यापायी."

"धाकट्या, पुरे," मिस्त्री म्हणाले.

"पुरे कसं? खरं ते खरं."

मुलगी घाईने म्हणाली, की आता तसं काही होणार नाही. कंपनीची माणसं तरबेज आहेत, कठडे आहेत, मुलांना हेल्मेट आहेत.

"माल कुठे ठेवलाय?" मिस्त्रींनी विचारलं.

"शाळेच्या मागच्या अंगणात. झाकलाय, प्लास्टिक आहे वर."

"कापलाय?"

"कापायचा कशाला? कंपनी म्हणाली जसा आहे तसा चालेल. आणि मुलांना अख्खी पुंगळी हातात मिळायला हवी ना. ओळखू यायला हवी की ही लढाईतली." मग तिला काहीतरी आठवलं. पिशवीत हात घालून तिने कागदात गुंडाळलेली एक वस्तू काढली. "ही तुमच्यासाठी आणलीय. आठवण म्हणून. त्या पिंपांतलीच."

कागद सुटला. वीतभर उंचीची पुंगळी, बाहेरून ब्रासोने घासून लखलखीत केलेली. तोंड हातोडीने ठोकून चपटं केलेलं, दाराला अडसर लावायला करायचे तसं. तिने ती टेबलावर मिस्त्रींपुढे सरकवली. मिस्त्रींनी हात लावला नाही. धाकट्याने मात्र टेबल चाचपत हात नेला, पुंगळी उचलली, बोटं तिच्या मिटलेल्या तोंडावरून फिरवली. सवयीने ती कानाशी नेली आणि हलवली.

खोलीत कुणाला काही ऐकू आलं नाही. त्याला आलं.

"पाणी आहे आत," तो म्हणाला. पुन्हा हलवली. "चमचाभर असेल. एक बारीक भोक असणार कुठेतरी, आत शिरतं, बाहेर येत नाही." मग तो हसला. "ही बघा ताई. अशीच. अगदी अशीच मी टाकली."

मुलगी पुंगळीकडे बघत राहिली. हातातला कप तिने खाली ठेवला तो बशीच्या बाहेर.

मिस्त्रींनी रेझर वाडग्यात सोडून दिला. हात पुसले नाहीत.

"तू नाही टाकलीस," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"टाकलीस तूच. पण तू विचारलं होतंस."

वहिनी पाटावरचा पाय खाली घेऊन हळूच खुर्चीवर बसल्या. विणून झालेली, दुकानात जायची खुर्ची होती. तिच्यावर बसायचं नाही असा त्यांचाच दंडक होता.

मिस्त्री बोलायला लागले ते थांबत थांबत, जसं एखादं जड कपाट इंच इंच सरकवावं तसं. उद्घाटनाला नऊ दिवस राहिले होते. बूट तेवढे उरले होते. रस चार-पाच किलो कमी पडत होता. शेवटचं पोतं गळक्या वळचणीखाली पडलेलं, ते ओढून आणलं. मालक दर तासाला येऊन तारखेची आठवण देऊन जात होता. आदल्या सकाळपासून ते भट्टीशी उभे होते. काठावर तापवायला तास नव्हता, तेव्हा पाच-पाच मिनिटं तापवून टाकत होते. ते त्यांनीच ठरवलं होतं.

"मी साच्याकडे वळलो होतो. तू मागून म्हणालास, दादा, ही चेपलेली आहे, कापू का? मी वळून बघितलंसुद्धा नाही. म्हटलं, वाळलीय, टाक."

धाकटा पुंगळी हातात धरून बसला होता.

"दवाखान्यात शुद्धीवर आलास तेव्हा तूच म्हणालास, दादा, माझं चुकलं, ओली टाकली. डॉक्टर म्हणाले होते, त्याला त्रास होईल असं काही बोलू नका. म्हणून तेव्हा नाही बोललो. मग तुझी पट्टी सुटेपर्यंत थांबू म्हटलं. मग तुझं जिच्याशी ठरलं होतं ती मुलगी लग्नाला नाही म्हणाली, तेव्हा कसं सांगणार. मग..." त्यांनी हात उघडून दाखवला, जणू त्यात राहिलेली वर्षं होती. "मग राहूनच गेलं."

मिस्त्रींनी ही गोष्ट फक्त एकदा सांगितली होती, बायकोला, पहिल्याच वर्षी. ती म्हणाली होती, त्याला सांगा. दोन वर्षं म्हणत राहिली. पुढे तिनेही हात टेकले. घरात तिघं होती आणि त्यांतल्या दोघांनी तोंड मिटून घेतलं होतं. रोज सकाळी एकाने वाडगा भरायचा आणि दुसऱ्याने स्टूल ठेवायचं, आणि तिसऱ्याने मान वर करून बसायचं, विश्वासाने.

"दादा," धाकट्याने विचारलं. त्याचा आवाज एवढा शांत कधी नसायचा. "मी विचारलं होतं? कापू का म्हणून?"

"विचारलं होतंस."

"चेपलीय, हे माझ्या ध्यानात आलं होतं?"

"आलं होतं. तूच सांगितलंस मला."

"म्हणजे मला काम येत होतं."

मिस्त्रींना हे अपेक्षित नव्हतं. शिव्या आल्या असत्या, पुंगळी अंगावर आली असती, तर ते मान खाली घालून बसले असते. त्याची तयारी तीस वर्षं झालेली होती.

"तुझ्याइतकं कुणाला येत नव्हतं," ते म्हणाले.

"तीस वर्षं मला वाटतंय की माझ्या हातांना अक्कल नाही." धाकट्याने दोन्ही तळवे पुढे धरले, दिसत असावेत तसे. "एकेक गाठ तीन तीनदा बघतो मी. झोपेतून उठून बघायला जातो. वहिनी ओरडते. तुला माहीत होतं ना मी कशाला बघतो ते? दर थोड्या दिवसांनी मी तुझी माफी मागायचो, भट्टी गेली म्हणून, आणि तू म्हणायचास, जाऊ दे. मोठ्या मनाने! जाऊ दे म्हणायचास!"

"हो."

"ती माफी तू घेतलीस कशी रे?"



धाकट्याने गळ्याचा टॉवेल सोडला, डाव्या गालावरचा वाळलेला फेस खसाखसा पुसला. आवळलेली कातडी लाल झाली. "दाढी राहू दे," तो म्हणाला. पुंगळी घेऊनच उठला, भिंतीला हात लावत बाहेरच्या खोलीत गेला. खुर्च्या ओलांडून जाताना त्याला कुणी सांभाळ म्हटलं नाही. थोड्या वेळाने वेत ओढल्याचा आवाज यायला लागला. सर्र, सर्र, मग गाठ. मग लगेच पुन्हा सर्र.

वहिनी कान देऊन ऐकत होत्या. "एकदाच बघतोय," त्या हळू म्हणाल्या. पण उठून त्याच्याकडे गेल्या नाहीत, आणि नवऱ्याकडेही बघितलं नाही. ब्रेडच्या कडा त्यांनी एका ताटलीत गोळा केल्या.

मुलगी केव्हाची उठून उभी होती. कुणाच्या घरातल्या भांड्याला आपला पाय लागावा आणि सगळं सांडावं, तसं तिचं तोंड झालं होतं. तिने फाइल उघडली, कार्यक्रमाचा कागद काढला, आणि मुलांच्या ओळीवर पेनाने आडवी रेघ मारली. मग तिच्या खालच्या, मिस्त्रींच्या हातून भट्टी पेटवायच्या ओळीवरही मारली.

"मुलं नकोत," ती म्हणाली. "ते मी बघते. साहेब ओरडतील, ओरडू देत. पण काका, पुंगळ्यांचं काय करू? अकरा पिंपं आहेत. कापायला माणूस कुठून आणू? कंपनी म्हणेल, करारात नाही."

मिस्त्रींनी वाडग्यातलं पाणी मोरीत ओतलं. रेझर धुतला, पुसला, फळीवर त्याच्या जागी ठेवला. ही सगळी कामं त्यांनी अशी केली, की बघणाऱ्याला वाटावं, आता हा माणूस जाऊन आडवा होणार. पण ते परत येऊन टेबलाशी बसले.

"मी कापीन," ते म्हणाले.

"अकरा पिंपं?"

"करवत माझ्याकडे आहे. शाळेत छपराखाली एक बाक द्या. दिवसाला जेवढ्या होतील तेवढ्या. कापलेल्या उन्हात उपड्या टाकायच्या, आणि ओतायच्या आधी तासभर काठावर. कंपनीच्या माणसांना मी येऊन दाखवीन. तेवढ्यापुरता येईन. स्टेजवर नको."

"पण एकट्याने कधी होणार हे? तुमच्या वयाला..."

बाहेर वेताचा आवाज थांबला. दोघांनी दाराकडे बघितलं. धाकट्याने तिथूनच, कुणाचंही नाव न घेता, कोरड्या आवाजात म्हटलं, "तोंड मिटलेली कुठली आणि उघडी कुठली, ते निवडायला डोळे लागत नाहीत." आणि पुन्हा वेत ओढायला लागला.

हा समेट नव्हता. मिस्त्रींना ते कळत होतं. उद्या सकाळी सातला स्टूल खिडकीशी येईल की नाही, हेही त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी टेबलावरची छापील पत्रिका पहिल्यांदाच हातात घेतली. जाड, गुळगुळीत कागद. वर दाराचं चित्र, खाली सोनेरी अक्षरांत तारीख. चष्मा नव्हता, तरी तारीख त्यांना वाचता आली. तिच्यावर त्यांनी अंगठा ठेवला आणि पत्रिका मुलीकडे परत सरकवली.

"साहेबांना सांगा, म्हातारा कामाला तयार आहे," ते म्हणाले. "पैसे नकोत, हार नको, नाव नको. माझं एकच मागणं आहे. तारीख ठरवू नका. शेवटची पुंगळी कापून वाळली, की मी कळवीन."